एक रविवार, दोन फोन आणि इंग्लंडचं आरमार



आजची गोष्ट एका रविवारची आहे. तारीख २६ जुलै १९१४. इंग्लंडचे नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल लंडनमध्ये नाहीत. बायकोची तब्येत बरी नाही म्हणून ते क्रोमरजवळ समुद्रकिनारी गेलेत. मुलं वाळूत खेळतायत. तिकडे दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंडच्या बंदरात जगातलं सर्वात ताकदवान आरमार नांगर टाकून उभं आहे, आणि सोमवारी सकाळी ते पांगणार आहे. खलाशांची रजा ठरलेली, जहाजं आपापल्या बंदरात परतणार.

आणि त्याच आठवड्यात युरोप पेटायला आला होता. २८ जूनला सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला होता. २३ जुलैला ऑस्ट्रियानं सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला. २५ तारखेला सर्बियाचं उत्तर आलं, ते ऑस्ट्रियाला पटलं नाही. आता सांगा, आरमार पांगू द्यायचं की थांबवायचं? थांबवलं तर जर्मनी म्हणणार, बघा, हे युद्धाच्या तयारीला लागले. पांगू दिलं आणि आठ दिवसांत युद्ध आलं तर?

याचं उत्तर सांगण्याआधी मला तीन वर्षं मागं जायचंय.

पहिल्या महायुद्धाआधीच्या नौदलाबद्दल शोधायला गेलं की पहिल्यांदा काय येतं? ड्रेडनॉट. १९०६ सालची ती अवाढव्य युद्धनौका, १२ इंची दहा तोफा, स्टीम टर्बाइन. मग जर्मनीनं तसल्याच बांधायला घेतल्या आणि सुरू झाली शर्यत. मीही बरीच वर्षं हेच वाचत होतो. जहाजं कोणाकडं किती, तोफा किती इंची. पण जहाज बांधणं वेगळं आणि ते नेमकं कधी, कुठं, कशासाठी पाठवायचं हे ठरवणं वेगळं. हे दुसरं काम ऑफिसातलं. आणि तिथं इंग्लंडची अवस्था बिकट होती.

२३ ऑगस्ट १९११. मोरोक्कोवरून फ्रान्स आणि जर्मनीत तणाव होता. पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांनी संरक्षण समितीची बैठक बोलावली. प्रश्न साधा: उद्या युद्ध झालं तर आपण काय करायचं? लष्कराच्या वतीनं जनरल हेन्री विल्सन उभे राहिले. सहा डिव्हिजन फ्रान्सला कशा न्यायच्या, कुठं ठेवायच्या, सगळं नकाशासकट मांडलं. मग नौदलाचे सर्वोच्च अधिकारी अ‍ॅडमिरल आर्थर विल्सन बोलले. माणूस शूर, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला. पण त्यांची योजना त्यांच्या डोक्यात! लष्कराशी काही ठरलेलं नाही, उलट जर्मन किनाऱ्यावर सैन्य उतरवायची कल्पना, जी लष्कराला अजिबात मान्य नव्हती. म्हणजे एकाच देशाची दोन दलं दोन वेगवेगळी युद्धं लढायला निघाली होती.

यात विल्सनना मूर्ख ठरवू नका. योजना लिहिली की फुटते, म्हणून ती मोजक्या माणसांजवळ ठेवावी, असा नौदलाचा जुना रिवाज होता. पण तो माणूस आजारी पडला तर? निवृत्त झाला तर? किंवा त्याचंच चुकलं तर त्याला सांगणार कोण?

या बैठकीनंतर दोन महिन्यांत मंत्री बदलला. चर्चिल आले. जानेवारी १९१२ मध्ये नौदलाचा युद्ध विभाग स्थापन झाला, योजना आखण्यासाठी वेगळी माणसं बसवली गेली. दुसरीकडे संरक्षण समितीचे सचिव मॉरिस हँकी एका पुस्तकाच्या मागं लागले. त्याचं नाव ‘वॉर बुक’. यात शौर्याचं काही नाही. कुठल्या खात्यानं कुठल्या टप्प्यावर काय करायचं, कोणती तार कोणाला पाठवायची, याच्या याद्या. बऱ्याच तारांचा मजकूर आधीच तयार. वेळ आली की फक्त पाठवायच्या.

आता गंमत बघा. १९१४ चं नौदलाचं बजेट ५ कोटी पौंडांच्या वर गेलं होतं आणि मंत्रिमंडळात त्यावरून जोरदार भांडण झालं होतं. खर्च वाचवायचा म्हणून चर्चिलनी उन्हाळ्यातला मोठा युद्धसराव रद्द केला. त्याऐवजी स्वस्तातली गोष्ट ठरवली: राखीव खलाशांना बोलवायचं, जुन्या जहाजांवर चढवायचं आणि यंत्रणा चालते का ते बघायचं. मार्चमध्येच ते संसदेत जाहीर झालं होतं. तेव्हा सारायेव्होचं नावही कोणाच्या डोक्यात नव्हतं.

जुलैच्या मध्यात सुमारे २०,००० राखीव खलाशी हजर झाले. स्पिटहेडला आरमाराचं संचलन झालं. राजाच्या नौकेसमोरून सगळी जहाजं जायला सहा तासांहून जास्त वेळ लागला. मग राखीव खलाशी घरी जायला लागले. उरलेलं आरमार पोर्टलंडला.

आणि आता परत आपला रविवार.

चर्चिलनी लंडनला दोनदा फोन लावला. पलीकडे होते फर्स्ट सी लॉर्ड, म्हणजे नौदलाचे सर्वात वरिष्ठ अधिकारी, प्रिन्स लुई ऑफ बॅटनबर्ग. लाइन खराब. बातम्या चांगल्या नव्हत्या, पण पक्कंही काही नव्हतं. चर्चिल म्हणाले, तुम्ही तिथं आहात, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. दुपारी चारच्या सुमारास बॅटनबर्गनी हुकूम पाठवला: आरमारानं जागा सोडायची नाही. त्या रात्री चर्चिल परतले आणि त्यांनी तो निर्णय उचलून धरला. २९ तारखेला आरमार निघालं, रात्री दिवे बंद ठेवून डोव्हरच्या सामुद्रधुनीतून उत्तरेला, स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडच्या स्कॅपा फ्लोला. ४ ऑगस्टला युद्ध जाहीर झालं तेव्हा जहाजं ठरलेल्या जागी होती.

गोष्ट इथं संपवली असती तर छान झाली असती. पण खरी अडचण इथून पुढं आहे.

स्कॅपा फ्लोला जहाजं पोचली, पण त्या बंदराला पाणबुड्यांपासून संरक्षणच नव्हतं. जाळी नाहीत, अडथळे नाहीत. पाणबुडीच्या भीतीनं जगातलं सर्वात मोठं आरमार काही आठवडे आयर्लंडपर्यंत जागा शोधत फिरलं. आणि २२ सप्टेंबरला त्याहून वाईट घडलं. अबूकिर, हॉग आणि क्रेसी या तीन जुन्या क्रूझर हॉलंडच्या किनाऱ्याजवळ गस्तीवर होत्या. त्यांच्यावर बरेचसे राखीव खलाशी आणि डार्टमथच्या नौदल शाळेतली पंधरा-सोळा वर्षांची मुलं. यू-९ या एकाच जर्मन पाणबुडीनं दीड तासात तिन्ही बुडवल्या. सुमारे १,४५० माणसं गेली. ही जहाजं तिथं ठेवू नयेत, असं चर्चिलनी चारच दिवस आधी, १८ सप्टेंबरला लेखी कळवलं होतं. कागद निघाला होता. जहाजं हलली नव्हती.

मला ही गोष्ट सतावते ती याचसाठी. राखीव माणसांना काही दिवसांत जहाजावर पोचवणारी यंत्रणा उत्तम चालली. तिनंच त्या मुलांनाही तिथं पोचवलं. माणूस जागेवर पोचेल याची काळजी सगळ्यांनी घेतली होती. पोचल्यावर ती जागा त्याच्यासाठी ठीक आहे का, हे बघणं कोणाच्या यादीत पक्कं नव्हतं.

आणि बॅटनबर्ग? त्यांचा जन्म ऑस्ट्रियाचा, घराणं जर्मन. चौदाव्या वर्षापासून ते इंग्लंडच्या नौदलात होते, तरी वर्तमानपत्रांतून त्यांच्याबद्दल संशय उठला. ज्या माणसानं त्या रविवारी आरमार थांबवलं, त्याला तीन महिन्यांत, ऑक्टोबरअखेर, राजीनामा द्यावा लागला. १९१७ मध्ये या घराण्यानं नाव बदलून इंग्रजी केलं: माउंटबॅटन. हो, तेच. वडिलांनी राजीनामा दिला तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा चौदा वर्षांचा नौदल कॅडेट होता. १९४७ मध्ये तो शेवटचा व्हाइसरॉय म्हणून दिल्लीत आला.

तुमच्या ऑफिसात, कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये, सोसायटीत असं एखादं काम असेल, जे एकाच माणसाला माहीत आहे. एकदा विचारून बघा, तो रविवारी गावाला गेला तर काय करायचं. उत्तर काय मिळालं ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.