घरगुती विमान आणि प्रचितीची मर्यादा : आंरी मिन्ये यांच्या 'पू द्यु सिएल'चे प्रकरण

विमानविद्येचा इतिहास बहुधा कारखान्यांचा, लष्करांचा आणि विक्रमवीरांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. घराच्या पडवीत किंवा कोठारात स्वतःच्या हातांनी विमान बांधून ते स्वतःच उडविणाऱ्या हौशी माणसाला त्यात स्थान मिळालेच, तर ते एखाद्या तळटीपेपुरते. वस्तुतः ही परंपरा विमानाइतकीच जुनी आहे. आल्बेर्तो सांतोस द्युमाँ ह्या ब्राझिलियन वैमानिकाने आपल्या 'दमोझेल' ह्या चिमुकल्या विमानाचे आराखडे कोणताही हक्क न राखता सर्वांना खुले केले आणि १९१० साली ते अमेरिकेतील 'पॉप्युलर मेकॅनिक्स' ह्या मासिकात छापून आले. १९२९ साली मिनेसोटातील बर्नार्ड पिटेनपोल यांनी फोर्ड मोटारीचे एंजिन बसवून आपले 'एअर कॅम्पर' उडविले. शिकागोच्या हीथ कंपनीने तर त्याच सुमारास विमानाच्या सुट्या भागांचा संचच विक्रीस काढला होता. तथापि ह्या परंपरेचे सामर्थ्य आणि तिच्यातील धोका ही दोन्ही ज्यात एकत्र दिसतात, असे प्रकरण फ्रान्समध्ये घडले. ते आंरी मिन्ये (१८९३–१९६५) यांच्या 'पू द्यु सिएल' ह्या विमानाचे होय.

मिन्ये हे विमानशास्त्राचे पदवीधर नव्हते, तसेच ते निष्णात वैमानिकही नव्हते. रूढ पद्धतीच्या विमानात हाताने दांडा आणि पायाने सुकाणू यांचा मेळ घालावा लागतो. हा मेळ त्यांना कधीच नीट साधला नाही. आपले अपयश त्यांनी स्वतःकडे न घेता यंत्राकडे लावले. सामान्य मनुष्याला जे सहज चालविता येत नाही, ते यंत्रच सदोष मानले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२८ साली त्यांनी 'एच. एम. ८' ह्या साध्या एकपंखी विमानाची रचना केली आणि तिचे आराखडे हौशी लोकांसाठी प्रसिद्ध केले. त्यापुढचा प्रयोग मात्र मुळापासून वेगळा होता. त्याचे नाव 'एच. एम. १४'. १० सप्टेंबर १९३३ रोजी ह्या विमानाने पहिले उड्डाण केले. फ्रान्समध्ये फोर्डच्या स्वस्त मोटारीला विनोदाने 'रस्त्यावरील ऊ' म्हणत. त्याच धर्तीवर मिन्ये यांनी आपल्या विमानाला 'आकाशातील ऊ' हे नाव दिले. इंग्रजांच्या हाती ह्या उवेची पिसू झाली.

हे विमान सुमारे साडेतीन मीटर लांबीचे व सुमारे ६ मीटर पंखविस्ताराचे होते. सांगाडा लाकूड आणि प्लायवुडचा, वर कापड, पुढे मोटारसायकलीचे १७ अश्वशक्तीचे एंजिन. त्यात पायाने चालविण्याचे काहीच नव्हते. विमान कुशीवर कलविण्यासाठी पंखांच्या मागील कडेस ज्या हलत्या फळ्या असतात, त्याही मिन्ये यांनी काढून टाकल्या. दांडा डावी-उजवीकडे नेला की सुकाणू फिरे, विमान वळे आणि पंखांची टोके वर उचललेली असल्यामुळे वळताना ते आपोआप कलेही. दांडा मागे-पुढे केला की संपूर्ण पुढचा पंखच आपल्या आसाभोवती झुके. शेपटीकडील लहान पंखाच्या जागी दुसरा मोठा पंख होता आणि त्याची पुढची कड पहिल्या पंखाच्या मागच्या कडेखाली येत असे. दोहोंमधील फटीतून वाहणारी हवा मागच्या पंखाला चिकटून राहील आणि वेग मंदावताच विमान कोसळण्याचा जो धोका त्या काळी सर्वांत भयंकर समजला जाई, तो टळेल, असा मिन्ये यांचा तर्क होता. हा तर्क पोकळ नव्हता. त्या धोक्यापुरते ते यंत्र खरोखरच सौम्य होते.

नोव्हेंबर १९३४ मध्ये मिन्ये यांचे 'ल स्पोर द लेर' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. लाकडाची निवड, सरस लावण्याची रीत, जोडणीचा क्रम आणि शेवटी उडावयास कसे शिकावे, हे सारे त्यात खेळकर शैलीत सांगितले होते. १९३५ साली ब्रिटनमधील एअर लीग ह्या संस्थेने त्याचे इंग्रजी भाषांतर काढले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मिन्ये यांनी स्वतः आपले विमान इंग्लिश खाडीवरून उडवीत नेले. पुस्तक वाचून विमान बांधावयास घेण्याची लाटच उसळली. ब्रिटिश हवाई खात्यानेही अशा विमानांना पूर्ण उड्डाणक्षमतेचे प्रमाणपत्र न मागता मर्यादित उड्डाणाची परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. आतापर्यंत धनिकांच्या क्लबांपुरते असलेले आकाश सुतारकाम जाणणाऱ्या मनुष्याला प्रथमच मोकळे झाल्यासारखे वाटले. ह्या आकांक्षेची सामाजिक बाजू लक्षात घेतल्याशिवाय पुढील घटनांचे गांभीर्य कळत नाही.

१९३६ साली प्राणघातक अपघातांची मालिका सुरू झाली. त्यांतील साम्य विलक्षण होते. विमान नाक खाली घालून झेपावे, ती झेप अधिकाधिक तीव्र होई आणि अखेर ते जमिनीवर आदळे. फ्रान्समध्ये शाले-मदाँ येथे आणि ब्रिटनमध्ये फार्नबरो येथे प्रत्यक्ष आकाराची विमाने वातविवरात, म्हणजे कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात, ठेवून तपासण्यात आली. त्यातून निघालेला निष्कर्ष मिन्ये यांच्या कल्पनेच्या मर्मावरच आघात करणारा होता. विमानाचे नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेले की वैमानिक स्वाभाविकपणे दांडा मागे ओढी. त्यामुळे पुढच्या पंखाची मागची कड खाली येऊन मधली फट अरुंद होई, तिच्यातून हवा अधिक वेगाने वाहू लागे आणि मागच्या पंखावरील उत्थापक प्रेरणा वाढे. शेपूट वर उचलले जाई आणि नाक आणखी खाली जाई. ज्या फटीवर विमानाच्या सुरक्षिततेचा सारा भरवसा होता, तीच ह्या अवस्थेत घातक ठरत होती. आणि प्राण वाचविण्यासाठी केलेली कृतीच मृत्यू जवळ आणीत होती. ब्रिटनमध्ये नव्या परवानग्या थांबल्या आणि कोठारांत अर्धवट बांधलेले सांगाडे तसेच पडून राहिले.

अनाडी माणसांनी विमाने बांधली आणि ती कोसळली, असा ह्या प्रकरणाचा अर्थ पुष्कळदा लावला जातो. तो स्वीकारता येत नाही. दोष सरस नीट न लागण्याचा किंवा खिळे कमी पडण्याचा नव्हता. आराखड्याबरहुकूम, निर्दोष हाताने बांधलेले विमानही त्या विशिष्ट कोनात तितकेच असहाय होते. मिन्ये यांनी लोकांची फसवणूक केली, असेही म्हणता येत नाही. त्यांनी स्वतःचा जीव त्याच यंत्राच्या स्वाधीन केला होता. मात्र त्यांची प्रचिती ते जेवढे उडले, तेवढ्यापुरतीच खरी होती. ज्या अवस्थेत ते कधी गेलेच नाहीत, तिच्याविषयी त्यांच्या अनुभवाला काहीही सांगता येत नव्हते. कारखान्यात झालेली अशी चूक पहिल्या नमुन्याच्या चाचणीतच बहुधा उघडकीस आली असती. येथे आराखडा शेकडो घरांत पोहोचला आणि चाचणी मात्र कोणाच्याच वाट्याला आली नाही. प्रत्येक बांधणारा नकळत पहिला चाचणी-वैमानिक ठरला. यंत्राच्या रचनेचे ज्ञान छापून वाटता येते, पण त्याच्या मर्यादांचे ज्ञान ज्याने त्या शोधल्या नाहीत, त्याला वाटता येत नाही.

म्हणूनच पुढचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. बंदी हा ह्या प्रश्नाचा शेवट ठरला नाही. मिन्ये यांनी पंखांची रचना सुधारली आणि दुसऱ्या महायुद्धानंतरची त्यांची विमाने सुखरूप उडाली. ब्रिटनमध्ये १९४६ साली अतिहलक्या विमानांच्या हौशी मंडळींची संघटना स्थापन झाली आणि १९५२ साली तिला 'पॉप्युलर फ्लाइंग असोसिएशन' हे नाव मिळाले. बांधणीच्या टप्प्याटप्प्यावर निरीक्षकाने काम पाहावयाचे आणि आराखड्याची तांत्रिक छाननी संघटनेच्या अभियंत्यांनी करावयाची, असा प्रघात तेथे रुजला. अमेरिकेत १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांच्या पुढाकाराने मिलवॉकी येथे 'एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' उभी राहिली. तेथील नियमानुसार निम्म्याहून अधिक काम हौशी व्यक्तीने शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी स्वतः केले, तर विमान ह्या वर्गात मोडते. मात्र प्रवासी घेण्यापूर्वी ते नेमून दिलेल्या क्षेत्रात, सामान्यतः २५ ते ४० तास, उडवून पारखावे लागते. पुढे १९७० नंतर तयार भागांचे संच पुरविणाऱ्या कंपन्या वाढल्या. त्यांपैकी व्हॅन्स कंपनीच्या रचनांची १०,००० हून अधिक विमाने आजवर उडाली आहेत.

ह्या व्यवस्थेत विमान बांधण्याचा अधिकार नागरिकाच्या हाती राहिला, पण आपल्या कामाचा अंतिम परीक्षक होण्याचा अधिकार मात्र त्याला एकट्याला उरला नाही. तपासणीच्या वहीतील दुसऱ्या माणसाची सही आणि एकट्याने उडविलेले चाचणीचे तास ह्या दोन साध्या गोष्टींनी १९३६ सालची उणीव भरून काढली. स्वातंत्र्य आणि सुरक्षितता यांपैकी एकाचीच निवड करावी लागते, असे त्या वर्षी पुष्कळांना वाटले होते. ज्या माणसांनी 'पिसू' बांधली आणि जी तिच्यासह कोसळली, त्यांच्या मृत्यूतून निघालेला धडा मात्र निराळा होता. ज्ञान घरोघर न्यावयाचे असेल, तर शंका घेण्याची साधनेही त्याच्याबरोबर घरोघर न्यावी लागतात.