आमसुलापासून कॅप्सूलपर्यंत



आजच्या भाषणाचा विषय मीं कोणत्याहि ग्रंथांतून निवडलेला नाहीं. तो माझ्या घरांतच उपस्थित झाला. माझा नातू कॉलेजांत शिकतो. अंगानें थोडा स्थूल असल्यामुळें त्यानें गेल्या वर्षीं पहांटे उठून धावण्याचा परिपाठ सुरू केला, आणि दोन महिने तो नियमानें चालविला. पुढें एके दिवशीं त्यानें कॅप्सूलांची एक बाटली आणिली. व्यायामापूर्वीं ही कॅप्सूल घेतली म्हणजे अंगांतील चरबी अधिक जळते, असें बाटलीवर छापलेलें होतें. आणि घटक म्हणून 'गार्सिनिया' नांवाच्या वनस्पतीच्या फळाचा अर्क लिहिलेला होता. मीं किंचित् शंका प्रदर्शित करितांच तो म्हणाला, "आजोबा, अहो, हें आपलें कोकमच! कोकमानें कुणाला कधीं अपाय झाला आहे का?"

ह्या उत्तरानें मी निरुत्तर झालों. एवढेंच नव्हे, तर थोडा सुखावलोंहि. माझें बालपण कोंकणांत गेलें. वैशाखांत ज्या रातांब्यांच्या रसानें आम्हां मुलांचे हात आणि अंगणांतल्या चटया लाल होत, त्यांना परमुलुखांत एवढा मान मिळावा ह्याचा मला अभिमान वाटला, आणि बाटलीचे पैसे मींच दिले. दीड महिन्यानें पाहतों तों बाटली संपत आलेली, आणि पहांटेचें धावणें आठवड्यांतून दोन दिवसांवर आलेलें! कॅप्सूल आपलें काम करीतच आहे, मग एखादा दिवस चुकला तर काय बिघडलें, असा त्याचा हिशेब होता. तो हिशेब मींच त्याला घालून दिला, ही टोंचणी मला लागली. पस्तीस वर्षें मुलांना इतिहास शिकविला. तर ह्या बाटलीचाहि इतिहास एकदां शोधून पाहावा, असें मीं ठरविलें. तो आज आपणांपुढें ठेवितों.

प्रथम फळाची ओळख करून घेऊं. आपल्या कोकमाला वनस्पतिशास्त्रांत 'गार्सिनिया इंडिका' म्हणतात. त्याच्या फळाला आपण रातांबा म्हणतों, गोव्यांत भिरंड म्हणतात. उन्हाळ्याच्या अखेरीस तें पिकतें. सालीला त्याच रसाचीं पुटें देऊन ती उन्हांत वाळविली म्हणजे आमसूल तयार होतें. बियांतून निघणारें घट्ट तेल थंडींत फुटलेल्या ओठांना आणि टांचांना लावितात. ह्याच कुळांतील दुसरें झाड दक्षिणेंत होतें. केरळांत त्याला कुडमपुळि म्हणतात, आणि त्याच्या वाळविलेल्या काळ्या साली तिकडील लोक माशांच्या कालवणांत घालतात. शास्त्रीय ग्रंथांत त्याचें नांव 'गार्सिनिया गम्मी-गुट्टा'. बाजारांत मात्र त्याचें जुनें नांव 'गार्सिनिया कॅम्बोजिया' हेंच रूढ आहे. नातवाच्या बाटलींत होतें तें हें फळ, आपलें कोकम नव्हे. म्हणजे त्याची पहिली चूक नांवांतच झाली होती. तथापि दोन्ही फळांच्या आंबटपणाचें मूळ एकच आहे, तें पुढें येईलच.

ह्या फळांची लेखी ओळख पाश्चात्य जगाला पुष्कळ आधीं झालेली आहे. गोव्यांत राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता ह्यानें १५६३ सालीं गोव्यांतच छापलेल्या आपल्या औषधीविषयक संवादग्रंथांत भिरंडाचा उल्लेख केला आहे. गार्सिनिया हें नांव मात्र ह्या गार्सियावरून आलेलें नाहीं. अठराव्या शतकांत डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत असलेला वैद्य आणि वनस्पतींचा अभ्यासक लोरां गार्सॅं ह्याच्या स्मरणार्थ लिनियसनें तें दिलें.

केरळांतील फळाची नोंद 'हॉर्टस मलबारिकस' ह्या लॅटिन ग्रंथांत आहे. मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे ह्यानें तेथील वनस्पतींची माहिती जमवून हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, आणि १६७८ ते १६९३ ह्या काळांत तो ॲम्स्टरडॅम येथें प्रसिद्ध झाला. पहिल्याच खंडांत 'कोड्डमपुळि' ह्या नांवानें हें झाड सचित्र वर्णिलें आहे. ग्रंथाला साहाय्य करणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मलयाळी वैद्य होता, तसेच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यहि होते. ह्या तिघांनीं १६७५ सालीं कोंकणी भाषेंत व नागरी लिपींत लिहून दिलेलें प्रमाणपत्र ग्रंथाच्या आरंभीं छापलेलें आहे. आज अमेरिकेच्या दुकानांत मांडलेल्या फळाची साक्ष साडेतीनशें वर्षांपूर्वीं आपल्या लिपींत लिहिणाऱ्या माणसांनीं दिली होती, हें वाचून माझा अभिमान पुन्हां एकदां वर आला. पण इतिहास तेथें थांबत नाहीं.

ह्यानंतरची महत्त्वाची घटना म्हैसूरची. ह्या फळांतील आम्ल टार्टरिक किंवा सिट्रिक असावें, अशी पूर्वीं समजूत होती. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेंतील लुइस आणि नीलकंठन् ह्या शास्त्रज्ञांनीं १९६५ सालीं तें खरोखर हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल आहे, असें दाखवून दिलें. कोकमांतहि हेंच आम्ल आहे. लिंबांतल्या सिट्रिक आम्लाचा हा जवळचा नातलग. रचनेंत फरक अगदीं थोडा. परंतु त्या थोड्या फरकांतूनच पुढील सर्व कथा निर्माण झाली.

ती कशी, हें समजण्यासाठीं आपल्या शरीरांतील एक व्यवहार पाहिला पाहिजे. गरजेहून अधिक साखर व पिष्ट पोटांत गेलें म्हणजे यकृत त्यापासून चरबी घडवूं शकतें. ह्या कामीं सिट्रिक आम्लाचे तुकडे करणारें एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागतें; त्या तुकड्यांपासून पुढें चरबी तयार होते. हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा चेहरा सिट्रिक आम्लासारखा असल्यामुळें तें त्या विकराच्या जागीं जाऊन अडकून बसतें, आणि विकराचें काम मंदावतें. अमेरिकेंतील ब्रँडाइस विद्यापीठांत जॉन लोवेनस्टाइन व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९६९ च्या सुमारास ही गोष्ट उजेडांत आणिली. पुढील दशकांत उंदरांवर प्रयोग झाले. हें आम्ल दिलेल्या उंदरांच्या यकृतांत चरबी कमी घडली, आणि ते खाऊंहि कमी लागले.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. त्या उंदरांचा आहार साखरेनें भरलेला आणि स्निग्ध पदार्थांनीं अत्यंत अल्प असा मुद्दाम ठेविलेला होता. अशा आहारांत अंगावर चढणारी चरबी साखरेपासूनच घडवावी लागते. म्हणून तें विकर अडविल्याचा परिणाम स्पष्ट दिसला. माणसाची गोष्ट निराळी. आपण तेल, तूप, खोबरें, शेंगदाणे खातों. त्यांतील स्नेह बहुतांशीं जसाचा तसा सांठविला जातो. सामान्य आहारावर असलेल्या माणसाच्या शरीरांत साखरेपासून चरबी घडविण्याचें काम त्या मानानें थोडेंच चालतें. तेव्हां जो दरवाजा बंद करावयाचा, त्यानें मुळांत फारसें कोणी येतच नव्हतें.

पण बाजार एवढा विचार करीत थांबत नाहीं. १९९४ सालीं अमेरिकेंत आहारपूरक पदार्थांचा नवा कायदा झाला. औषधाचा गुण आणि निर्धोकपणा आधीं सिद्ध करून सरकारची संमति घ्यावी लागते. ह्या पदार्थांना तशी अट राहिली नाहीं. वजन उतरविणाऱ्या वनस्पतींच्या कॅप्सूलांचा सुकाळ झाला, आणि गार्सिनिया त्यांत अग्रभागीं आला.

ह्या दाव्याची नीट परीक्षा न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनीं केली, आणि तिचा निकाल १९९८ सालीं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. १३५ स्थूल माणसें घेण्यांत आलीं. त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला रोज १५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल, आणि दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या परंतु निःसत्त्व कॅप्सूल. कोणाला काय मिळतें आहे, हें घेणाऱ्यांनाहि ठाऊक नव्हतें आणि देणाऱ्यांनाहि नव्हतें. दोन्ही गटांना सारखाच कमी उष्मांकांचा, पुष्कळ चोथा असलेला आहार सांगितला होता. बारा आठवड्यांनंतर वजनें केलीं. आम्ल घेणाऱ्यांचें वजन सरासरीनें ३.२ किलो उतरलें होतें. आणि निःसत्त्व कॅप्सूल घेणाऱ्यांचें ४.१ किलो! हा फरक योगायोगाचाहि असूं शकेल इतका लहान आहे. म्हणून आम्लानें नुकसान केलें असें म्हणतां येणार नाहीं. पण त्यानें लाभ दिला असें तर मुळींच म्हणतां येणार नाहीं.

"पण मी व्यायाम करितों, त्याचें काय?" असा प्रश्न नातवानें केला, आणि तो रास्त होता. ह्याचीहि परीक्षा झाली आहे. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत व्यायामाची संवय नसलेल्या दहा पुरुषांना तीन दिवस रोज तीन ग्रॅम आम्ल देऊन विश्रांतींत व मध्यम व्यायामांत चरबी किती जळते, हें मोजलें. कांहीं फरक दिसला नाहीं. पुढच्याच वर्षीं हॉलंडांतील संशोधकांनीं दहा सायकलपटूंना तें मोठ्या मात्रेंत देऊन दोन तास सायकल चालवावयास लाविलें. आम्ल रक्तांत पोहोंचलें, हें त्यांनीं मोजून पाहिलें. चरबी मात्र होती तेवढीच जळली. कांहीं लहान प्रयोगांत थोडासा अनुकूल परिणाम दिसला, हेंहि सांगितलें पाहिजे. नाहींतर इतिहास एकांगी होईल. १९९८ नंतरहि वजनासंबंधीं पुष्कळ प्रयोग झाले. २०११ सालीं इंग्लंडांतील एक्सेटर येथील संशोधकांनीं त्या सर्वांचा एकत्र ताळा घातला, तेव्हां आम्लाच्या बाजूनें सरासरी ०.८८ किलोचा फरक निघाला. आणि जे प्रयोग अधिक काटेकोरपणें केलेले होते तेवढेच विचारांत घेतले, तेव्हां तोहि फरक निर्णायक राहिला नाहीं.

लाभ नाहीं तर नाहीं, अपाय तरी नाहीं ना? नातवाचा मूळ प्रश्न हाच होता, आणि त्याचें उत्तर मला अधिक गंभीर वाटलें. अनेक वनस्पतींचें मिश्रण असलेल्या, वजन उतरविणाऱ्या एका प्रसिद्ध उत्पादनामुळें यकृताला इजा झाल्याच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या सरकारी खात्यानें २००९ सालीं तें न वापरण्याचा लोकांना इशारा दिला, आणि तें बाजारांतून परत घेण्यांत आलें. त्यांत घटक अनेक असल्यामुळें दोष कोणाचा, हें सांगणें कठीण होतें. परंतु २०२२ सालीं अमेरिकेंतील यकृततज्ज्ञांनीं बावीस रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली; केवळ गार्सिनिया, अथवा गार्सिनिया आणि हिरव्या चहाचा अर्क असलेल्या कॅप्सूलांनीं त्यांच्या यकृताला मध्यम ते तीव्र इजा झाल्याचा निष्कर्ष त्यांनीं काढला. घेणाऱ्या असंख्य लोकांच्या मानानें ही संख्या लहान आहे, हें खरें. परंतु ज्यापासून मिळावयाचें कांहींच नाहीं, त्यासाठीं लहानसा धोका तरी कां पत्करावा?

मग आमसूल सोडावें कीं काय? मुळींच नाहीं. आमटींत टाकलेलीं दोनतीन आमसुलें आणि रोज तीन वेळां गिळलेला गाळीव अर्क, ह्यांचा कुळाचार एक असला तरी व्यवहार एक नव्हे. आपल्या आजीनें सोलकढी केली ती जेवण रुचावें म्हणून. तिचें माप जीभ ठरवीत असे. अतिरेक झाला तर दांत आंबत, आणि हात आपोआप थांबे. कॅप्सूलला चवच नाहीं, तेव्हां थांबविणार कोण? 'आपलें आहे', 'वनस्पतीचें आहे' हे शब्द आपण प्रमाणपत्रासारखे वापरतों. पण रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट ह्यांनीं प्रमाणपत्र दिलें तें एका ग्रंथासाठीं जमविलेल्या माहितीचें. बाटलीवर छापलेल्या वचनाला त्यांची सही नाहीं.

हें सारें मीं नातवाला एका रविवारीं सांगितलें. तो हुज्जत घालील अशी माझी अपेक्षा होती. त्यानें तो ३.२ आणि ४.१ चा आंकडा वहींत लिहून घेतला, आणि थोडा वेळ विचार करून विचारलें, "आजोबा, ज्यांना खोटी कॅप्सूल दिली होती, त्यांचें चार किलो वजन मग उतरलें कशानें?"

मी म्हणालों, "त्यांनीं जेवण आवरलें, बाबा. कॅप्सूल खोटी होती. आवरलेलें जेवण खरें होतें."

वर्गांत असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी वर्षांतून एखादाच भेटतो. तेव्हां त्या दिवशीं बाटलीचे पैसे वसूल झाले असें मीं मानलें. दुसऱ्या दिवशीं पहांटे दार वाजलें म्हणून मी जागा झालों. खिडकींतून पाहिलें, तों स्वारी बूट घालून बाहेर पडली होती. बाटली अद्याप आमच्या फडताळांत आहे. तळाशीं चारपांच कॅप्सूल शिल्लक आहेत. माझ्याहि चुकीची आठवण राहावी म्हणून मीं ती टाकूं दिलेली नाहीं.