एकोणचाळीस अंकी संख्या आणि बुद्धिबळाचा पट

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

ही संख्या म्हणजे २ चा १२७वा घात वजा १. सन १८७६ ते १९५१, म्हणजे तब्बल ७५ वर्षे, मानवाला ज्ञात असलेली ही सर्वांत मोठी मूळ संख्या होती; आणि ती सिद्ध झाली तेव्हा संगणक नव्हता.

पॅरिसचा मठवासी गणिती मॅरँ मर्सेन याने १६४४ मध्ये एक यादी प्रसिद्ध केली. २ च्या २५७व्या घातापर्यंत पाहता, कोणत्या घातांकांना ‘वजा १’ केल्यावर मूळ संख्या मिळते, याची ती यादी. त्यात ३१, ६७, १२७ आणि २५७ हे घातांक होते. पुरावा मात्र मर्सेनने दिला नाही. ३१चा निकाल ऑयलरने १७७२ मध्ये लावला. पुढे शंभर वर्षे सामसूम.

अडचण उघड होती. विभाजक शोधत जावे, तर १२७व्या घाताच्या संख्येचे वर्गमूळच वीस अंकी. सेकंदाला एक भागाकार केला, तरी कित्येक अब्ज वर्षे पुरायची नाहीत.

आमियाँ येथे जन्मलेल्या एदुआर ल्यूका याने प्रश्नच उलटा केला. विभाजक शोधायचेच नाहीत! ३ पासून आरंभ करावा, वर्ग करून २ वजा करावेत, येणाऱ्या उत्तराला तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवावी, पुन्हा तेच.

लहान उदाहरण १२७चे, म्हणजे २ चा ७वा घात वजा १. क्रम असा : ३, ७, ४७, ४८, १६, ०. सहाव्या पदाला शून्य आले, म्हणून १२७ ही मूळ संख्या. (३ पासूनचा आरंभ प्रत्येक घातांकाला चालत नाही, ७ आणि १२७ यांना चालतो.)

मोठ्या संख्येसाठी अशी १२६ पदे लागतात, आणि बहुतेक पायऱ्यांवर अडतीस-एकोणचाळीस अंकी आकड्यांचा वर्ग. येथे ल्यूकाची खरी चतुराई दिसते. त्याने १२७ × १२७ घरांचा पट कल्पिला : घरात सोंगटी असली तर १, नसली तर ०. द्विमान पद्धतीत या संख्येने भागणे फारच सोपे, कारण १२७ स्थानांपलीकडे गेलेला अंक फिरून पहिल्या स्थानापासून मांडायचा, एवढेच. भागाकार नाहीसा झाला. उरले सोंगट्या सरकवणे आणि हातचे घेणे. अवघड गणिताला खेळाचे रूप देण्याची त्याची ही खोड जुनीच. ‘हनोईचा मनोरा’ हे कोडेही त्याचेच, १८८३चे. N चकत्यांना लागणाऱ्या किमान खेळ्या किती? २ चा nवा घात वजा १!

त्याच पद्धतीने ल्यूकाने मर्सेनचा ६७ खोटा ठरवला, तोही एकही विभाजक न सापडता. ते विभाजक १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल याने दाखवले : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. २५७ही पुढे चूक निघाला. ६१, ८९ आणि १०७ तर मर्सेनकडून सुटलेच होते. १२७ मात्र टिकला. १९१४ मध्ये फोकांबेर्गने तो द्विमान पद्धतीने पुन्हा पडताळला.

ल्यूका १८९१ मध्ये वारला. एका मेजवानीत फुटलेल्या ताटलीचा तुकडा गालाला लागला आणि जखम चिघळली. वय अवघे ४९.

१९५१ साली फेरिए याने यांत्रिक गणनयंत्रावर ४४ अंकी मूळ संख्या सिद्ध केली आणि विक्रम मोडला. त्याच वर्षी केंब्रिजच्या ‘एडसॅक’ संगणकाने ७९ अंकी संख्या दिली. गंमत अशी, की ती रचली होती ल्यूकाच्याच संख्येवरून : तिचा वर्ग, गुणिले १८०, अधिक १.

आणखी एक साखळी पाहा. २ चा २रा घात वजा १ म्हणजे ३. ३रा घात वजा १ म्हणजे ७. ७वा घात वजा १ म्हणजे १२७. आणि १२७वा घात वजा १ म्हणजे ल्यूकाची संख्या. चारही मूळ. पुढची कडी मूळ आहे की नाही, हे आजही कोणी सिद्ध केलेले नाही.