शांबरिक खरोलिका ते लुमेन : पडद्यावरच्या उजेडाचा इतिहास

नृसिंहवाडीच्या घाटावर संध्याकाळी द्रोणात सोडलेला दिवा कृष्णेच्या पात्रात दूरवर जाईपर्यंत दिसत राहतो. तोच दिवा भर दुपारी सोडला तर चार हातांवरही शोधावा लागेल. ज्योतीचा प्रकाश दोन्ही वेळा तेवढाच. बदलतो तो भोवतालचा उजेड. शाळेसाठी प्रोजेक्टर निवडताना नेमकी हीच गोष्ट विसरली जाते आणि पुष्कळ पैसे खर्चूनही पडद्यावर फिकट चित्र उमटते. असे का होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांच्या १६५९ मधील टिपणांत मॅजिक लँटर्नसाठी काढलेली चित्रे आहेत. दिवा, काचेवरचे चित्र आणि भिंग एवढीच त्या यंत्राची सामग्री. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये याच तत्त्वावर 'शांबरिक खरोलिका' सादर केली. काचेवर रंगवलेली चित्रे कौशल्याने बदलून ते हालचालीचा भास निर्माण करीत आणि पौराणिक कथा रंगवीत. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला तो ७ जुलै १८९६ रोजी, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी.

अशा खेळांपुढची अडचण साध्या गणितात मांडता येते. ८ सेंटिमीटर रुंदीचे चित्र पडद्यावर २४० सेंटिमीटर झाले, तर रुंदी ३० पट होते. पण क्षेत्रफळ ९०० पट होते. काचेतून येणारा प्रकाश ९०० पट जागेवर पसरतो. चित्रातला दोषही मोठा होतो. कुंचल्याची ०.१ मिलिमीटरची चूक पडद्यावर ३ मिलिमीटरची दिसते. प्रकाश आणि बारकावा हे दोन प्रश्न तेव्हापासूनचे आहेत.

त्यांपैकी प्रकाशाचा प्रश्न अधिक अवघड ठरला. तेलाच्या दिव्यानंतर चुन्याची कांडी प्रखर ज्योतीत तापवून मिळणारा 'लाइमलाइट' आला, मग दोन कार्बनकांड्यांमधील विद्युत् प्रज्योत आणि पुढे झेनॉन दिवा. प्रत्येक वेळी पडदा मोठा होऊ शकला तो दिवा बदलल्यामुळे. तरीही खेळ अंधारातच करावा लागे.

निरनिराळ्या यंत्रांचा प्रकाश मोजायचा कसा? खरोलिकेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९२ मध्ये, अमेरिकन मानक संस्थेने त्याची पद्धत ठरवली. पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येकाच्या मध्यावरचा प्रकाश मोजायचा, त्याची सरासरी काढायची आणि तिला पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणायचे. हे झाले 'ॲन्सी लुमेन'. आता 'आयएसओ लुमेन'ही वापरतात. नुसते 'लुमेन' असे लिहून दिलेला फुगीर आकडा मात्र विश्वासाने घेऊ नये.

आता वर्गात येऊ. पडदा २ मीटर रुंद व १.५ मीटर उंच, म्हणजे ३ चौरस मीटर. ३००० लुमेनचा प्रोजेक्टर त्यावर १००० लक्स प्रकाश टाकेल. खिडक्या उघड्या असून पडद्यावर बाहेरचा ५०० लक्स प्रकाश पडत असेल, तर पांढऱ्या भागावर १५०० आणि काळ्या भागावर ५०० लक्स होतील. म्हणजे गुणोत्तर केवळ ३ : १. दुप्पट किमतीचा का होईना, ६००० लुमेनचा प्रोजेक्टर आणला तर? गुणोत्तर ५ : १. त्याऐवजी जुनाच प्रोजेक्टर ठेवून खिडक्यांना जाड पडदे लावले आणि बाहेरचा प्रकाश ५० लक्सवर आणला, तर गुणोत्तर २१ : १ होते! पडद्याच्या कापडाने जे साधले, ते दुप्पट लुमेननेही साधले नाही.

बिंदूंची संख्या, म्हणजे रेझोल्यूशन, यानंतर पाहावी. १०२४ × ७६८ बिंदूंच्या प्रोजेक्टरवर, २ मीटर रुंदीत, एक बिंदू सुमारे २ मिलिमीटरचा असतो. निरोगी डोळा साधारण एक कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, कोन ओळखतो. त्यानुसार सुमारे ७ मीटरपलीकडे बसलेल्या मुलाला हे बिंदू सुटे दिसणार नाहीत. १९२० × १०८० चा बिंदू साधारण १ मिलिमीटरचा असल्याने हे अंतर साडेतीन मीटरवर येते. त्याचा लाभ मुख्यतः पुढच्या बाकांना आणि नकाशावरील बारीक नावांना. माहितीपत्रकात मात्र यंत्राची मूळ बिंदुसंख्या पाहावी. 'एवढे चित्र स्वीकारतो' हा आकडा वेगळा असतो.

खरेदीपूर्वी विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घ्यावा. मोबाइलवरील लक्समापकाने पडद्याच्या जागी सकाळी, दुपारी आणि खिडक्या झाकून प्रकाश मोजावा. मोबाइलचे आकडे अगदी अचूक नसतात, पण तुलनेला पुरेसे होतात. पडद्याची लांबी-रुंदी आणि शेवटच्या बाकाचे अंतर लिहावे. मग वरील गणित फळ्यावर सोडवावे. कोणते यंत्र घ्यावे आणि आधी खिडक्यांना पडदे शिवावेत का, याचे उत्तर दुकानात जाण्यापूर्वी वर्गातच मिळेल.