पाचोरा–जामनेर रेल्वे

जळगाव जिल्ह्यातील 762 मिमी. (अडीच फूट) रुंदीचा, सुमारे 56 किमी. लांबीचा नॅरोगेज लोहमार्ग. स्थानिक नाव ‘पीजे’. मुंबई–भुसावळ मुख्य मार्गावरील पाचोरा येथून तो वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर व भागदरा या गावांवरून जामनेरला जात असे.

इतिहास : 1918-19च्या सुमारास हा मार्ग सुरू झाला. खानदेशच्या काळ्या जमिनीतला कापूस मुख्य मार्गावर आणणे हा त्याचा मोठा उपयोग. पुढे बाजारहाट, शाळा-कॉलेज आणि दवाखान्यासाठी खेड्यापाड्यांतली माणसे या गाडीने ये-जा करू लागली. एसटीपेक्षा तिचे भाडे कमी असे. वाफेच्या इंजिनांनंतर झेडडीएम वर्गाची डिझेल इंजिने आली. मार्च 2020 मध्ये कोरोना टाळेबंदीत गाडी थांबली आणि नंतर पूर्ववत झाली नाही. मार्गाचे ब्रॉडगेज रूपांतर करून तो बोदवडपर्यंत नेण्याची योजना आखण्यात आली.

देखभाल : काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे रूळ खचत, वर-खाली होत. गँगमन गेजपट्टीने दोन रुळांमधले अंतर तपासत, खचलेला रूळ जॅकने उचलत आणि स्लीपरखाली खडी ठोकून तो सपाटीत आणत. शेवटच्या स्थानकात इंजिन सोडून बाजूच्या रुळावरून डब्यांच्या दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. या गेजचे सुटे भाग सहज मिळत नाहीत. कुर्डुवाडीसारख्या नॅरोगेज कारखान्यातील कारागिरांचे कौशल्य म्हणूनच मोलाचे.

जतन : नेरळ–माथेरान मार्ग (1907, गेज 610 मिमी.) हा महाराष्ट्रातील चालत्या वारशाचा नमुना. 2019च्या अतिवृष्टीत तो खचला. दुरुस्तीनंतर ऑक्टोबर 2022 मध्ये संपूर्ण मार्गावर गाडी पुन्हा धावली. माथेरानसारखे पर्यटनाचे बळ पीजेला लाभले नाही. मात्र जळगाव–अजिंठा रस्त्यावरील पहूर आणि त्रिविक्रम मंदिराचे शेंदुर्णी याच मार्गावर आहेत. ब्रॉडगेज ही प्रवाशांची रास्त गरज आहे. तिच्यासोबत एखादा छोटा टप्पा, एक इंजिन व काही डबे चालू स्थितीत राखणे आवश्यक आहे. चौथऱ्यावर उभे केलेले इंजिन आकार दाखवते. रूळ बसवण्याचे, इंजिन जोडण्याचे व ब्रेक सांभाळण्याचे ज्ञान मात्र गाडी चालती ठेवली तरच पुढच्या पिढीकडे जाते.