स्टेटस पेज, स्वाधीन

स्टेटस पेज, स्वाधीन : इंटरनेटवरील एखादी सेवा या घटकेस चालू आहे की बंद, गेल्या काही दिवसांत ती किती वेळ उपलब्ध होती, आणि बंद असल्यास दुरुस्ती कोठवर आली आहे, हे वापरकर्त्यांस कोणाकडेही विचारणा न करता कळावे म्हणून ठेवलेले जाहीर पृष्ठ. असे पृष्ठ मासिक आकार भरून एखाद्या कंपनीकडून चालवून घेता येते. परंतु ज्याची प्रणाली मुक्तस्रोत आहे आणि जे सेवाचालक आपल्या ताब्यातील सर्व्हरवर स्वतः मांडतो, तेवढ्याचाच विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

पूर्वपीठिका : सर्व्हरवर निगराणी ठेवणारी साधने जुनी आहेत. १९९९ मध्ये नेटसेंट या नावाने निघालेले व पुढे नागिऑस म्हणून प्रसिद्धी पावलेले साधन त्यांत विशेष परिचित असले, तरी त्याचे इशारे कारभार पाहणाऱ्या मंडळींपुरते असत. ग्राहकाला त्यांची वार्ता नसे. ग्राहकासाठी वेगळे पृष्ठ ही कल्पना व्यापारी सेवांनी रूढ केली, आणि त्यांतील अग्रगण्य स्टेटसपेज ही कंपनी २०१६ मध्ये ॲटलासियनने विकत घेतली. स्वाधीन पर्यायांत पीएचपी भाषेतील कॅशे (२०१४) हा आरंभीचा. त्यानंतर गो भाषेतील गेटस आणि हाँगकाँगच्या लुई लॅम यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अपटाइम कुमा हे प्रसार पावले.

रचना : या प्रणालीचे दोन अवयव मानावेत : ठरावीक अंतराने सेवेची चाचणी घेणारा तपासनीस, आणि तिचा निष्कर्ष मांडणारे दर्शनी पृष्ठ. कॅशेच्या मूळ योजनेत पहिला अवयव नव्हताच. स्थिती माणसाने किंवा दुसऱ्या एखाद्या साधनाने येऊन नोंदवावी, अशी तजवीज होती. अपटाइम कुमात दोन्ही अवयव एकत्र आहेत. तो नोडजेएसवर चालतो, ३००१ हे पोर्ट वापरतो, आणि वेगळे काही न सांगितल्यास दर ६० सेकंदांनी चाचणी घेतो; पहिली चाचणी फसताच ओरड न करता आणखी किती वेळा खातरजमा करावी, हेही त्याला सांगून ठेवता येते. पृष्ठाचा पत्ता, पोर्ट, पिंग, डीएनएसची नोंद असे चाचणीचे नाना प्रकार त्यात असले, तरी दोन प्रकारांकडे नवख्यांचे दुर्लक्ष होते म्हणून ते येथे मुद्दाम सांगितले पाहिजेत. पहिला शब्दशोधाचा : डेटाबेस कोलमडल्यावरही पुष्कळ संकेतस्थळे २०० हा यशाचाच क्रमांक पाठवून त्याखाली दिलगिरीचा मजकूर दाखवतात, तेव्हा पृष्ठात अमुक शब्द खरोखर आला की नाही हे पाहिल्यावाचून ती चाचणी फोल ठरते. दुसरा हजेरीचा : रात्रीच्या बॅकअपसारखे काम पूर्ण होताच त्या कामानेच तपासनिसाला हाक द्यायची, आणि मुदतीत हाक न आल्यास तपासनिसाने ते काम बुडाले असे समजायचे.

गेटसची सारी मांडणी वायएएमएल फाइलीत लिहितात. उत्तराचा क्रमांक २०० असावा, प्रतिसाद ३०० मिलिसेकंदांच्या आत यावा, अशा अटी तीत एकाखाली एक येतात. त्यामुळे ती फाइल गिटमध्ये ठेवल्यास कोणती अट केव्हा बदलली याचा दस्तऐवज तेथे आपोआप राहतो. अपटाइम या नावाचे निराळे साधन गिटहबच्याच यंत्रणेवर दर पाच मिनिटांनी चाचणी घेते. त्याला स्वाधीन म्हणावे की नाही, याविषयी मतभेद आहेत.

स्थान : या विषयातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय प्रणालीच्या निवडीचा नसून जागेचा आहे. ज्या सर्व्हरची खबर द्यायची त्याच सर्व्हरवर खबर देणारे पृष्ठ ठेवले, तर दोन्ही एकदमच निमतात, आणि ज्या घटकेसाठी पृष्ठ उभारले त्याच घटकेस ते मुके होते. याचा सर्वांत बोलका दाखला २८ फेब्रुवारी २०१७ चा आहे. ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनिया विभागातील एस३ या साठवणसेवेच्या एका कर्मचाऱ्याने, बिलिंगचे काम संथ का झाले याचा शोध घेत असता, थोडे सर्व्हर बाजूला काढण्याची आज्ञा दिली. तीतील एक बाब चुकीची लिहिली गेल्याने योजल्याहून कितीतरी अधिक सर्व्हर निघाले, आणि पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३७ मिनिटांनी सुरू झालेला बिघाड दुपारी १ वाजून ५४ मिनिटांनी पूर्णतः निवारला. त्या अवधीत ॲमेझॉनचे स्वतःचे स्थितिदर्शक पृष्ठ निरनिराळ्या सेवांची खरी स्थिती दाखवू शकत नव्हते, कारण त्याचे व्यवस्थापनाचे दालनच एस३ वर अवलंबून होते. ११ वाजून ३७ मिनिटांपर्यंत, म्हणजे तब्बल दोन तास, कंपनीला ट्विटरवरून आणि पृष्ठाच्या माथ्यावरील सूचनेतून इत्तला द्यावी लागली. पुढे ते दालन अनेक विभागांत विभागून ठेवल्याचे कंपनीने आपल्या निवेदनात जाहीर केले.

एवढ्या मोठ्या संस्थेला जे चुकले नाही, ते एकट्यादुकट्या चालकालाही चुकत नाही. मात्र उपाय त्याच्या आवाक्यातला आहे. मूळ सेवा एका कंपनीच्या सर्व्हरवर असेल, तर स्टेटस पेजसाठी दुसऱ्या कंपनीचा सर्वांत लहान सर्व्हर, शक्य तर दुसऱ्या शहरातला, घ्यावा. डोमेनचे नाव व डीएनएसही वेगळे असावे : २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या डीएनएस कंपनीवर झालेल्या हल्ल्यात अनेक संकेतस्थळांचे सर्व्हर धडधाकट असूनही लोकांना त्यांचा पत्ताच सापडेनासा झाला होता. शिवाय तपासनीस स्वतः जिवंत आहे ना, हे पाहणारा दुसरा एखादा तपासनीस परक्या ठिकाणी असावा; ही तजवीज फार थोडे लोक करतात.

टक्केवारी : ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटे १२ सेकंदांची सूट, ९९.९९ टक्क्यांत वर्षाकाठी साडेबावन्न मिनिटे. दर मिनिटाला एकदा होणाऱ्या चाचणीतून दोन चाचण्यांमधली अर्ध्या मिनिटाची खोट निसटू शकते, म्हणून पृष्ठावरील आकडा अंदाजच समजावा. भारतातील चालकांनी कालगणनेचीही खबरदारी घेतली पाहिजे. दिवस यूटीसीनुसार मोजला, तर तो आपल्याकडे पहाटे साडेपाचला पालटतो; वर सांगितलेला एस३ चा बिघाड यूटीसीनुसार एकाच तारखेत बसतो, पण भारतीय वेळेनुसार रात्री ११ वाजून ७ मिनिटांनी सुरू होऊन १ मार्चच्या पहाटेपर्यंत दोन तारखांत पसरतो. घटनेच्या मजकुरात दोन्ही वेळा द्याव्यात.

मजकूर : कॅशेने घटनेसाठी शोध चालू, कारण सापडले, लक्ष ठेवून आहोत, निवारण झाले, अशा अर्थाच्या पायऱ्या ठेवल्या असून नियोजित दुरुस्तीची वर्गवारी निराळी आहे. लाल रंग आपोआप चढावा की माणसाने खात्री करून चढवावा, यावर एकमत नाही. स्वयंचलित चाचणी खोटी ओरड करते आणि माणूस कबुलीस विलंब लावतो, असे दोन्ही पक्षांचे म्हणणे आहे. कारण ठाऊक नसतानाही ‘शोध चालू आहे’ एवढी ओळ वेळेवर लिहिणे हे मात्र प्रस्तुत संकलकाच्या मते पृष्ठाचे पहिले कर्तव्य होय, कारण ग्राहक तेवढ्याचसाठी तेथे आलेला असतो.

देखभाल : अपटाइम कुमाच्या पहिल्या मालिकेतील सारे दफ्तर एसक्यूलाइटच्या फाइलीत, डॉकरच्या रचनेत /app/data या फोल्डरात असते; तो फोल्डर एनएफएस या नेटवर्कवरील फाइलव्यवस्थेवर ठेवू नये, कारण तेथे फाइलीचे कुलूप भरवशाचे नसते. अपटाइम कुमाच्या पुढे एनजिनएक्स हा मध्यस्थ सर्व्हर ठेवल्यास वेबसॉकेटचे दोन हेडर पुढे पाठवावे लागतात; ते राहिल्यास व्यवस्थापनाचा पडदा उघडून नुसता ताटकळत राहतो. ९० दिवसांच्या मुदतीच्या टीएलएस प्रमाणपत्रांचे नूतनीकरण स्टेटस पेजसाठीही वेगळे पाहावे लागते.

परवाने : अपटाइम कुमाचा एमआयटी, गेटसचा अपाची २.०.

सुरक्षितता : जाहीर पृष्ठावर अंतर्गत सर्व्हरांची नावे येऊ देऊ नयेत.