चंद्रावर कोसळलेल्या यानांचा शोध : न सापडलेल्या खुणांचा इतिहास

१/
१४ सप्टेंबर १९५९. मॉस्कोत मध्यरात्र नुकतीच उलटली होती. इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथील महाकाय रेडिओ दुर्बीण लुना-२ या सोव्हिएत यानाचा संदेश ऐकत होती. तो संदेश एकाएकी थांबला. मानवनिर्मित वस्तू प्रथमच दुसऱ्या खगोलीय पिंडावर पोचली होती.

२/
पाश्चात्त्य देशांत काहींना ही निव्वळ सोव्हिएत बढाई वाटली. परंतु बर्नार्ड लव्हेल यांच्या चमूने संदेशाच्या कंप्रतेत होत गेलेला बदल टिपून ठेवला होता. चंद्राच्या ओढीने यानाचा वेग वाढत गेल्याची ती साक्ष होती. १५ सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये उतरलेल्या ख्रुश्चेव्ह यांनी यानावरील राजचिन्हांकित गोलाची प्रतिकृती आयझेनहॉवर यांना भेट दिली.

३/
यान पोचले, हे सिद्ध झाले. ते नेमके कोठे पडले, हे मात्र सिद्ध झाले नाही. आर्किमिडीज, ऑटोलिकस आणि अ‍ॅरिस्टिलस या विवरांचा परिसर, एवढेच गणिताने सांगता आले. अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, तरी त्या आघाताची खूण निर्विवादपणे पटली नाही. चांद्रयुगाचे पहिलेच स्थळ नकाशावर अंदाजाने दाखवावे लागते.

४/
हे काम इतके अवघड का? चंद्रावर वातावरण नाही. वेग कमी करणारे काहीच वाटेत येत नाही, त्यामुळे यान सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने आदळते आणि त्याचा चक्काचूर होतो. मागे उरते ते काही मीटर रुंदीचे विवर आणि भोवती उडालेली धूळ. अशी विवरे तर चंद्रावर अगणित आहेत. त्यांतले माणसाने पाडलेले कोणते, हे ओळखायचे असते.

५/
अमेरिकेच्या रेंजर यानांनी या शोधाला पहिला आधार दिला. ३१ जुलै १९६४ रोजी रेंजर-७ ने आदळण्यापूर्वी ४,३०८ छायाचित्रे पाठवली. अखेरच्या क्षणापर्यंतच्या चित्रांमुळे जागा बरीच निश्चित झाली. पुढे १९७२ मध्ये अपोलो-१६ ने कक्षेतून घेतलेल्या छायाचित्रांत ईवन व्हिटेकर यांनी रेंजर यानांची काही विवरे ओळखून दाखवली.

६/
यानंतर आघात हेच एक साधन बनले. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर भूकंपमापक बसवला आणि परतताना आपल्या चांद्रयानाचा रिकामा वरचा भाग मुद्दाम खाली पाडला. पृथ्वीवर अशी कंपने काही मिनिटांत विरली असती. चंद्रावर ती सुमारे तासभर चालू राहिली.

७/
अपोलो-१३ पासून सॅटर्न-५ अग्निबाणाचा तिसरा टप्पाही चंद्रावर आदळवला जाऊ लागला. वजन सुमारे १४ टन. १९७० च्या एप्रिलमध्ये अपोलो-१३ चे तिघे अंतराळवीर जीव मुठीत धरून परतीची वाट शोधत होते. त्याच वेळी त्यांच्या अग्निबाणाचा हा टप्पा ठरल्याप्रमाणे आदळला. त्याची कंपने तीन तासांहून अधिक काळ नोंदली गेली.

८/
नैसर्गिक उल्का कधी, कोठे, किती वेगाने पडली, हे कोणालाच ठाऊक नसते. इथे वस्तुमान, वेग, वेळ आणि स्थळ ही चारही माहीत होती. लाटा भूकंपमापकापर्यंत किती वेळात पोचल्या, यावरून चंद्राच्या पोटातील खडकांची रचना काढता येत असे. मात्र स्थळ चुकले, तर पुढचे सगळे गणित चुकणार.

९/
नेमके तेच अपोलो-१६ बाबत घडले. १९ एप्रिल १९७२ रोजी आदळण्यापूर्वीच त्या टप्प्याशी असलेला रेडिओ संपर्क तुटला. वेळ आणि स्थळ, दोन्ही अंदाजानेच नोंदवावी लागली. तब्बल ४३ वर्षे तीच अंदाजी जागा कागदोपत्री कायम राहिली.

१०/
२०१५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेतील जेफ प्लेशिया यांना ते विवर सापडले. नोंदलेल्या जागेपासून ते सुमारे ३० किलोमीटर दूर होते. अग्निबाणाचा टप्पा आतून पोकळ असल्याने अशी विवरे रुंद पण उथळ असतात आणि मध्यभागी उंचवटा राहतो. हीच त्यांची ओळख.

११/
हा शोध शक्य झाला तो २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरमुळे. त्याच्या कॅमेऱ्याला सुमारे अर्ध्या मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. पद्धत सोपी वाटते: एकाच जागेची आघातापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे ताडून पाहायची. पण सूर्याचा कोन बदलला की सावल्या बदलतात आणि जुनी जमीनही नवी भासू लागते.

१२/
याचा अनुभव भारताला २०१९ मध्ये आला. ७ सप्टेंबरच्या पहाटे चांद्रयान-२ च्या विक्रम या अवतरकाशी असलेला संपर्क तुटला. १७ सप्टेंबरला ऑर्बिटरने तो भाग टिपला, तेव्हा तेथे संध्याकाळ होत आली होती. लांबच लांब सावल्यांत काहीच ओळखता येईना.

१३/
नासाने ती छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली. चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमण्यन यांनी ती जुन्या छायाचित्रांशी ताडली. त्यांना एक तेजस्वी ठिपका आढळला, जो पूर्वी तेथे नव्हता. त्यांनी नासाला कळवले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अधिक प्रकाशातल्या चित्रांवरून खात्री पटली आणि २ डिसेंबरला नासाने ते जाहीर केले. त्यांचा ठिपका मुख्य आघातस्थळाच्या वायव्येस सुमारे ७५० मीटरवर होता. आपल्या कक्षायानाने विक्रमचा ठाव आधीच लावला होता, असे इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष के. सिवन यांनी सांगितले.

१४/
श्रेयाच्या वादापेक्षा महत्त्वाचे ते पुढचे. वेग अपेक्षेपेक्षा अधिक घटल्याने विक्रम नियोजित जागेपासून ५०० मीटरांच्या आत आदळला, असे सरकारने संसदेत लेखी सांगितले. चांद्रयान-३ साठी उतरण्याचे क्षेत्र ५०० × ५०० मीटरवरून सुमारे ४ × २.५ किलोमीटर करण्यात आले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते यान सुखरूप उतरले. त्याआधी चारच दिवस रशियाचे लुना-२५ कोसळले होते. त्याचे सुमारे १० मीटरचे विवर त्याच महिन्यात सापडले.

१५/
विवर सापडले, तरी ते कोणाचे हा प्रश्न उरतोच. ४ मार्च २०२२ रोजी अग्निबाणाचा एक बेवारस तुकडा चंद्राच्या पलीकडच्या बाजूला आदळला. बिल ग्रे यांनी तो आधी स्पेसएक्सचा ठरवला होता. नंतर स्वतःच दुरुस्ती करून तो चीनच्या चांगई-५-टी१ मोहिमेचा असल्याचे सांगितले. चीनने ते नाकारले. आघाताच्या जागी एकमेकांना लागून दोन विवरे आढळली, १८ आणि १६ मीटरची. असे जोडविवर कोणालाच अपेक्षित नव्हते.

१६/
इतिहासाच्या अभ्यासकाला यात परके काहीच नाही. बखरीतला तपशील समकालीन पत्राशी ताडावा लागतो, तसाच नियंत्रणकक्षातला कागद जमिनीवरच्या खुणेशी ताडावा लागतो. अपोलो-१६ ची नोंद कोणी खोटी लिहिली नव्हती. ती केवळ अपुरी होती. पण पुन्हा पुन्हा उद्धृत झाल्याने अंदाजालाही पुराव्याचे वजन येते.

१७/
लुना-२ चा शोध म्हणूनच महत्त्वाचा. चंद्रावर पाऊस नाही, वारा नाही. सूक्ष्म उल्कांचा मारा खुणा पुसतो, पण अतिशय संथपणे. १९५९ ची ती खूण तेथे असणारच. मात्र चंद्रावर उतरणाऱ्यांची संख्या आता वाढत आहे. जे स्थळ नकाशावर नाही, ते जपताही येत नाही.

(समाप्त)